वाचकांचे प्रश्न : वय आणि रोजची ये-जा

वय वाढत गेले तशी आपली रोजची ये-जा कशी बदलली, असे मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे वगळून केवळ गाव आणि वय दिले आहे, आणि लांब पत्रे आशय न बदलता थोडक्यात मांडली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. तीन वर्षांपूर्वी मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. नोकरी होती तेव्हा सकाळी सव्वाआठला स्कूटर काढून मांडवी पुलावरून पणजीला जायचो आणि सहाच्या सुमारास त्याच वाटेने परतायचो. आता साडेनवाच्या आत घर सोडत नाही. बँक, बाजार, ग्रंथालय, देऊळ एवढेच फिरणे होते आणि काळोख पडल्यावर गाडीला हात लावत नाही. माझे वडील या वयात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले तर गेले, एरवी अंगणाबाहेर पडत नसत. माझा तीस वर्षांचा मुलगा मात्र रात्री दहाला जेवायला कळंगुटला निघतो. हा फरक वयाचा मानावा की काळाचा? (पर्वरी, वय ६३)

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत तर या विषयावर बोलताना नेहमी गोंधळ होतो. वय वाढते म्हणून होणारा बदल ही पहिली गोष्ट. माणूस ज्या पिढीत वाढला त्या पिढीच्या सवयी पुढे आयुष्यभर त्याच्याबरोबर राहतात, ही दुसरी. आणि कधी कधी असा काळ येतो की लहानथोर सगळ्यांच्याच वाटा एकदम बदलतात, ही तिसरी. तिसऱ्या गोष्टीचे उदाहरण पर्वरीकरांना नवे नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा नदीपलीकडच्या बार्देश तालुक्यातून पणजीला येणारा विद्यार्थी आणि पेन्शन आणायला निघालेले आजोबा एकाच रांगेत फेरीबोटीची वाट पाहू लागले; त्या बदलाशी कोणाच्याही वयाचा संबंध नव्हता. २०२०च्या टाळेबंदीतही तसेच घडले.

आपण सव्वाआठऐवजी साडेनवाला निघू लागलात हा बदल पहिल्या प्रकारातला आहे, परंतु तो शरीराने घडवलेला नाही. नोकरीची वेळ सुटली म्हणून तो घडला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वयामुळे प्रवास बदलतो असे म्हणताना आपण गुडघे आणि डोळे एवढाच विचार करतो, आणि प्रत्यक्षात माणसाच्या ये-जेला वळण लागते ते मुख्यतः जबाबदाऱ्या बदलतात तेव्हा : पहिली नोकरी, लग्न, मूल, घर बदलणे, निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू. ज्या देशांत प्रवासाची नियमित पाहणी होते तेथील चित्र साधारण सारखे दिसते. लहान मुलांची ये-जा घर आणि शाळा यांच्यामध्ये असते, विशीत अंतर झपाट्याने वाढते, पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिवसातील खेपांची संख्या सर्वांत जास्त असते, साठीनंतर आधी अंतर घटते आणि खेपा मागाहून घटतात, आणि पंचाहत्तरीच्या पुढे दोन्ही एकदम उतरतात. म्हणजे निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे माणूस कमी फिरत नाही. जवळ फिरतो आणि गर्दीची वेळ टाळून फिरतो. वाहतूक चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. इंग्लंडमध्ये एप्रिल २००८ पासून ज्येष्ठांना देशभर स्थानिक बसप्रवास मोफत झाला, आणि कामाच्या दिवशी ती सवलत सकाळी साडेनवापासून रात्री अकरापर्यंत ठेवली आहे, म्हणजे कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांत ज्येष्ठांना जागा मिळते.

राहिली पिढीची गोष्ट. आपले वडील त्रेसष्टाव्या वर्षी अंगणाबाहेर पडत नसत आणि आपण पडता, याचे कारण केवळ आपली प्रकृती त्यांच्यापेक्षा बरी आहे असे नसून, आपण तरुणपणीच स्कूटर चालवायला शिकलात आणि ते शिकले नव्हते, हेही आहे. हा परिणाम स्त्रियांच्या बाबतीत अधिक ठळक आहे. गोव्यात आज सत्तरीच्या पुढे असलेल्या बहुतेक स्त्रियांनी स्वतः वाहन कधी चालवले नाही. त्या बसने, पायी किंवा पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसे नेणाऱ्या चालकाच्या, मोटारसायकलवर मागे बसून हिंडल्या. उलट आज पंचेचाळीस वर्षांच्या असलेल्या असंख्य गोमंतकीय स्त्रियांच्या हाती महाविद्यालयापासून स्कूटर आहे. त्या सत्तर वर्षांच्या होतील तेव्हा आजच्या सत्तर वर्षांच्या स्त्रीसारख्या घरी बसतील, असे मानून कोणी रस्ते आणि बसगाड्या आखल्या तर ती आखणी चुकेल. आजचा तरुण आणि आजचा म्हातारा शेजारी उभे करून त्यांच्यातील सगळा फरक वयाच्या खात्यावर टाकणे हा या विषयातील सर्वांत सामान्य दोष आहे. तो टाळायचा तर एकच पाहणी दशकानुदशके करत राहावी लागते. ब्रिटनमध्ये ती १९६५ साली आणि अमेरिकेत १९६९ साली सुरू झाली, आणि त्यामुळेच तेथे सांगता येते की प्रत्येक नव्या पिढीतील वृद्ध, विशेषतः वृद्ध स्त्रिया, आधीच्या पिढीपेक्षा जास्त काळ गाडी चालवतात. आपल्याकडे अशी सलग पाहणी नसल्यामुळे घरातील तीन पिढ्यांकडे आपण जसे पाहिलेत तसे पाहण्याला मोल आहे.

प्रश्न : मी पणजीत एका कार्यालयात काम करते. सकाळी मुलाला शाळेत सोडून कामावर जाते. अधूनमधून सासूबाईंना डॉक्टरकडे न्यावे लागते. परतताना मासळी आणि भाजी घ्यायची, मुलाला शिकवणीला पोचवायचे आणि तासाभराने परत आणायचे. माझे यजमान रोज वास्कोला जातात. घरात सगळे म्हणतात की प्रवासाचा त्रास त्यांनाच आहे, तू तर इथल्या इथेच फिरतेस. किलोमीटर मोजले तर ते खरेही आहे. तरी संध्याकाळी मीच जास्त थकलेली असते. प्रवास नक्की कोण जास्त करतो? (ताळगाव, वय ४१)

उत्तर : अंतर आपले यजमान जास्त कापतात आणि खेपा आपण जास्त करता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण शासकीय मोजणीत आजवर पहिलीच प्रामुख्याने नोंदली गेली. २०११च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन यांविषयी प्रश्न होता, परंतु तो शेती आणि घरगुती उद्योग यांच्याबाहेर काम करणाऱ्यांनाच विचारला होता आणि त्यात केवळ घर ते कामाची जागा एवढीच वाट धरलेली होती. त्या हिशेबात आपल्या यजमानांचा वास्कोपर्यंतचा रस्ता पूर्ण येतो आणि आपला ताळगाव ते पणजी एवढाच येतो; शाळा, दवाखाना, मासळीबाजार आणि शिकवणी त्यातून गळतात. मूल शाळेत जाते ते, आजी डॉक्टरकडे जाते ते आणि निवृत्त माणूस ग्रंथालयात जातो ते त्या प्रश्नात मुळीच बसत नाही.

आपण करता तसा प्रवास, म्हणजे एका निघण्यात तीनचार कामे ओवून घेणे, हा जगभर मधल्या वयातील आणि त्यातही स्त्रियांचा विशेष मानला जातो. मूल लहान आहे आणि घरातील वडीलधारी माणसे थकली आहेत, असा जो काळ चाळिशीच्या आसपास येतो, त्यात एकाच माणसाच्या ये-जेवर तीन वयांची ये-जा चढलेली असते. आपल्या मुलाची शिकवणीची खेप ही मुलाची आहे आणि आपलीही आहे, सासूबाईंच्या दवाखान्याचीही तीच गत. घरातील बिनपगारी कामाचा बोजा कोणावर आहे हे २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्पष्ट झाले. सहा वर्षांवरील व्यक्तींच्या चोवीस तासांची नोंद घेणाऱ्या त्या पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले. मुलाला शाळेत सोडण्याची आणि बाजाराची खेपही याच बोजाचा भाग आहे.

थकव्याचे कारणही येथेच आहे. पणजीहून वास्कोला जाणारा माणूस एकदा शटलमध्ये, म्हणजे थेट बसमध्ये, बसला की उतरेपर्यंत त्याला काही ठरवावे लागत नाही. डोळे मिटले तरी चालते. आपल्या प्रत्येक थांब्याला एक वेळ आहे, आणि शाळेच्या दारात झालेला उशीर पुढे कार्यालयात पोचतो, तेथला शिकवणीपर्यंत जातो. शिवाय प्रत्येक ठिकाणी स्कूटर लावायला जागा शोधायची असते. यासाठीच अशा दिवसाला बस जुळत नाही आणि या वयात घरात दुसरे वाहन येते, हे सहसा चैन म्हणून घडत नाही. घरच्यांना आपण किलोमीटरऐवजी थांबे मोजून दाखवावेत असे मला वाटते, आणि यजमानांनी शिकवणीहून आणण्याची खेप आठवड्यातून काही दिवस आपल्याकडे घ्यावी असेही वाटते.

प्रश्न : माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. सकाळी दामबाबाच्या सालात (दामोदराच्या देवस्थानात) दर्शन, मग न्यू मार्केटात एक फेरफटका आणि कोंबात मित्राकडे चहा, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम आहे आणि हे सगळे ते स्कूटरवरून करतात. अलीकडे गाडी थांबवताना त्यांचा तोल जातो आणि दोनदा आरसा कोणाच्या तरी गाडीला लागला. मी चावी काढून घेऊ का, असे आईला विचारले तर ती म्हणाली, चावी घेतलीस तर ते अंथरूण धरतील. कायद्यात काही वयोमर्यादा आहे का? आम्ही काय करावे? (मडगाव, वय ४४)

उत्तर : आधी कायद्याचे. मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो किंवा नूतनीकृत होतो, आणि चाळिशीनंतर अर्जाबरोबर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. म्हणून बाबांच्या परवान्यावरील तारीख प्रथम पाहा. ती जवळ आली असेल तर पुढचे सगळे बोलणे त्या निमित्ताने सोपे होईल. मात्र एक विनंती आहे. ते प्रमाणपत्र केवळ सही-शिक्क्यापुरते आणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे खरोखर तपासणी करून घ्या.

तपासणीत काय पाहायचे हेही सांगतो. साठ वर्षांच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, आणि समोरून येणाऱ्या दिव्याने दिपल्यावर दृष्टी पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर हे दोन्ही त्रास आणखी वाढतात, पण शस्त्रक्रियेने पुष्कळ सुधारतात. मान वळवून मागे पाहणे कठीण झाले की आरसे लागू लागतात. झोपेच्या, सर्दीच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि मधुमेहाच्या औषधाने साखर एकदम उतरू शकते. आपण लिहिलेली थांबताना तोल जाण्याची तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुचाकी वेगात असताना स्वतःच तोल सांभाळते, पण सावकाश चालवताना आणि पाय टेकताना सगळा भार चालवणाऱ्याच्या पायावर येतो. म्हणून वयाची अडचण दुचाकीवर प्रथम बाजाराच्या गर्दीत आणि सिग्नलला दिसते, मोकळ्या रस्त्यावर दिसत नाही. हा दोष पायांच्या ताकदीचा आहे की आतल्या कानाचा की औषधाचा, हे डॉक्टरच सांगू शकतील, आणि यांतील काही कारणे दूर करता येण्याजोगी असतात.

आता चावीविषयी. आपल्या आईंचे म्हणणे भावनेच्या भरातील आहे असे समजू नका. गाडी सोडावी लागलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याची लक्षणे वाढतात आणि त्यांचे घराबाहेर पडणे घटते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. बाबांना स्कूटर प्रिय आहे म्हणून असे होईल असे नाही. दर्शन, बाजार आणि मित्राचा चहा हे त्यांचे जगणे आहे आणि तेथे पोचायचे दुसरे साधन त्यांना माहीत नाही, म्हणून असे होईल. त्यामुळे चावी काढून घेण्याच्या आधी ती तीन ठिकाणे त्यांच्यासाठी उघडी राहतील याची सोय व्हायला हवी, आणि हा क्रम उलटा झाला तर आईंची भीती खरी ठरेल. बहुतेक ज्येष्ठ चालक टप्प्याटप्प्याने स्वतःच माघार घेतात : आधी रात्री चालवणे सोडतात, मग पावसात, मग हमरस्त्यावर, मग गर्दीच्या वेळी. पर्वरीच्या वाचकांनी काळोखात गाडी न काढण्याविषयी लिहिले आहे, तो हाच टप्पा होय. बाबांशीही याच क्रमाने बोलता येईल. पावसाळ्यात स्कूटर नको, एवढे एकच आधी ठरवा.

दुसरी सोय लावताना ती प्रत्यक्ष त्यांच्याबरोबर करून पाहा. ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचा हिशेब ठरवला तर दर वेळी भाड्यावरून बोलावे लागत नाही, आणि पैसे मुलाकडे मागावे लागत नाहीत ही गोष्ट वडिलांच्या मनाला फार लागून असते. म्हणून तो हिशेब त्यांच्याच हातून होऊ द्या. पायलटची मोटारसायकल स्वस्त आणि झटपट असली तरी चढता-उतरताना तोलाचा प्रश्न तेथेही आहे. जवळचा भाग पायी करता आला तर सर्वांत चांगले, आणि तेथे आपल्या शहरांची मोठी उणीव समोर येते. पादचाऱ्यांचा सिग्नल आखताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे सामान्यतः गृहीत धरतात, आणि पंचाहत्तरीच्या पुढची पुष्कळ माणसे सेकंदाला एक मीटरही चालत नाहीत. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठांनी आपले कार्ड खांबावर टेकवले की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आपल्याकडे मडगावसारख्या शहरात बऱ्याच चौकांत पादचाऱ्यासाठी दिवाच नाही, पदपथ असला तर त्यावर गाड्या लावलेल्या असतात, आणि म्हणून शंभर पावलांवर असलेल्या दुकानासाठीही म्हातारा माणूस स्कूटर काढतो. बाबा ज्या वाटेने सालात जातात ती वाट आपण एकदा त्यांच्याबरोबर पायी जाऊन पाहावी. कोठे रस्ता ओलांडणे कठीण आहे आणि कोठे बसायला जागा हवी, हे एका खेपेत कळेल.

प्रश्न : मी बारावीत शिकते आणि म्हापशाहून पणजीला बसने ये-जा करते. वर्गातील सगळे अठरा पूर्ण होण्याची वाट पाहत आहेत, म्हणजे स्कूटर मिळेल. काही जण आत्ताच चालवतात. मला बसमध्ये वाचायला मिळते म्हणून बस आवडते. एकदा गाडी हातात आली की पुन्हा बसकडे कोणी वळते का? (म्हापसा, वय १७)

उत्तर : सहसा नाही, आणि त्यामुळेच तुझा प्रश्न मोठ्यांनी विचारात घेण्यासारखा आहे. ये-जेची सवय एकदा बसली की माणूस रोज नव्याने विचार करत नाही. नोकरी किंवा घर बदलते तेव्हाच ती मोडते. जे अठराव्या वर्षी बस सोडतात ते पुढची चाळीस वर्षे बसचे प्रवासी नसतात, आणि प्रवासी घटले की गाड्या घटतात. तुझ्या वर्गातील मुलांना मी दोष देणार नाही. संध्याकाळच्या शिकवणीनंतर किंवा कला अकादमीतील नाटक संपल्यावर म्हापशाला परत जायचे तर बस मिळेल की नाही ही धाकधूक असते, आणि आईवडील स्कूटर घेऊन देतात ते याच धाकधुकीपोटी. रात्रीची शेवटची बस दोन तास पुढे गेली तर बरीच स्कूटर-खरेदी लांबेल असे माझे मत आहे.

अठराच्या आत चालवणाऱ्या मित्रांना मात्र सांग की सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीसाठी असतो आणि घरोघरी असलेल्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. तू बसमध्ये वाचत राहा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. पूर्वी फेरीबोटीने रायबंदरला आणि तेथून बसने पणजीच्या बाजारात त्या एकट्या जायच्या. माहेरच्या माणसांकडे, महालक्ष्मीच्या देवळात, सगळीकडे. गेली काही वर्षे त्या पणजीला गेलेल्या नाहीत. विचारले तर म्हणतात, आता तिथे माझे काय काम आहे? खरेच काम राहिले नाही की जाणे जमत नाही, ते आम्हाला कळत नाही. अशा माणसांची नोंद कोणत्या पाहणीत होते का? (चोडण, वय ५०)

उत्तर : नोंद होते, पण शून्य म्हणून. प्रवासाच्या पाहणीत काल आपण कोठे गेलात असे विचारतात, आणि कोठेही न गेलेल्या माणसाच्या पुढे रिकामी ओळ राहते. त्या रिकाम्या ओळीत घरी समाधानाने बसलेला माणूस आणि जायची इच्छा असून अडकलेला माणूस, दोघेही सारखेच दिसतात. मोबाइलच्या नोंदींवरून शहराची ये-जा मोजण्याची पद्धत आता रूढ होत आहे, तीत तर सासूबाईंसारख्यांची ओळसुद्धा नसते, कारण त्यांचा फोन असला तरी तो घरात फळीवर असतो. ब्रिटन आणि अमेरिकेतील पाहण्यांत प्रकृतीमुळे बाहेर पडायला अडचण होते का, असा वेगळा प्रश्न असतो. गोव्याला त्या प्रश्नाची गरज इतर बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे देशात साठ आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि गोव्यात ते ११.२ टक्के होते.

"आता तिथे माझे काय काम" हे उत्तर मी शब्दशः घेणार नाही. जाणे कठीण झाले की माणसे इच्छाही हळूहळू कमी करून घेतात, म्हणजे कोणाला सांगून ओशाळे व्हावे लागत नाही. म्हणून प्रश्न बदलून विचारा : उद्या न्यायला आणि आणायला कोणी असेल तर कोठे जायला आवडेल? उत्तरात देवळाचे किंवा माहेरच्या माणसांचे नाव आले तर काम संपलेले नाही, वाट अडली आहे असे समजा.

वाट कोठे अडली हे शोधायला त्यांच्या प्रवासाचे तुकडे पाडून पाहावे लागतील. घरापासून धक्क्यापर्यंतचे चालणे, फेरीबोटीचा उतार, बोटीत उभे राहणे, रायबंदरच्या बाजूचा चढ, बसथांब्यावर बसायला जागा, बसची पहिली पायरी, आणि उतरेपर्यंत गाडीने धरलेला दम. यांतील एकच तुकडा जमेनासा झाला तरी पूर्ण प्रवास थांबतो. पायी प्रवाशाला साध्या फेरीबोटीचे तिकीट नसते, म्हणजे पैशाची अडचण तेथे नाही. ओहोटीला पाणी खाली गेल्यावर उघडा पडणारा ओला उतार हीच वृद्धांची भीती असते असे मला पुष्कळांकडून ऐकायला मिळाले आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रवाशांना एसटी मोफत झाली आणि त्या सवलतीने अनेकांना घराबाहेर काढले, हे स्वागतार्हच आहे. परंतु बसची पायरी ज्याला चढता येत नाही त्याला मोफत तिकिटाचा उपयोग नाही.

आणखी एक कारण वडीलधाऱ्या बायका सुनेलाही सांगत नाहीत. दोनतीन तास बाहेर राहायचे तर स्वच्छतागृह कोठे मिळेल, या काळजीने कित्येक जणी प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत आणि शेवटी जाणेच सोडतात. हे आपण त्यांना एकांतात विचारा. पणजीत आधी ज्यांच्या घरी पाच मिनिटे टेकता येईल असे एखादे नातेवाइकांचे घर ठरवून ठेवले तर ही काळजी बरीच हलकी होते.

मग भरतीची वेळ पाहून, सकाळी दहानंतर कार्यालयीन गर्दी ओसरल्यावर, एक दिवस त्यांच्याबरोबर निघा आणि त्या कोठे थबकतात ते लक्षात ठेवा. धक्क्याच्या उतारावर थबकल्या तर कठडा आणि खरखरीत लादी यांसाठी नदी परिवहन खात्याकडे लेखी अर्ज करा आणि त्याची प्रत पंचायतीला द्या. रायबंदरच्या थांब्यावर बसायला जागा नसेल तर अर्ज पणजी महापालिकेकडे करा. अर्जात सासूबाईंचे वय लिहा, त्या पूर्वी एकट्या कोठे कोठे जात होत्या ते लिहा, आणि त्यांच्या वयाच्या शेजारणींच्या सह्याही घ्या, कारण अशा खेपांची नोंद आज तरी कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही.